तीनदा तुटलेली केबल आणि चौथ्या खड्ड्याचा प्रश्न

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी एका शिक्षणसंस्थेचा संगणक विभाग सांभाळते. संस्थेच्या दोन इमारतींमध्ये साधारण २०० मीटरची फायबर केबल जमिनीखालून टाकलेली आहे. गेल्या सव्वा वर्षात ती तीनदा बंद पडली. पहिल्यांदा माळ्याने कोणालाही न विचारता झाडासाठी खड्डा खणला आणि कुदळ लागली. दुसऱ्यांदा जुन्या इमारतीच्या कोपऱ्यावर, जिथे ती पाइपमधून भिंतीवर चढते, तिथे आतल्या आत तुटली. तिसऱ्यांदा चेंबरमध्ये उंदरांनी कुरतडली. दर वेळी खराब भाग कापून नवा तुकडा जोडला. आता लिंक चालू आहे, पण शेवटी आलेल्या स्प्लायसिंगवाल्याने (फायबर जोडणाऱ्याने) मीटर लावून 'सहा डीबी जातोय, कधीही बसेल' असं सांगितलं. त्याचं म्हणणं, आर्मर्ड केबल घ्या, थेट मातीत पुरा, मग बघायला नको. एक सहकारी म्हणतात, खांबांवरून हवेतून न्या. वरिष्ठांचं मत असं, की फायबर म्हणजे काच, ती तुटणारच, पुन्हा खर्च कशाला? आणि नेटवर्क बंद पडलं की बोलणी मात्र मला बसतात. मी नेमका कशाचा आग्रह धरू?"

नमस्कार.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा आकडा तुम्ही जाता जाता लिहून टाकलात. सहा डीबी. डीबी म्हणजे वाटेत प्रकाश किती घटला याचं माप. तो माणूस कदाचित घाबरवायला म्हणाला असेल, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या आकड्यात आहे. आपण हिशेब मांडून बघू.

तुमची केबल सिंगल मोड, म्हणजे अगदी बारीक गाभ्याची, आहे असं धरतो. अशा फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाची घट किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी असते. २०० मीटरला ०.०७, म्हणजे नसल्यासारखीच. तीन बिघाड झाले, दर वेळी मधे तुकडा घातला म्हणजे दोन जोड, एकूण सहा. मशिनवर वितळवून केलेला जोड नीट बसला तर ०.१ च्या आत राहतो, तेव्हा सहांचे मिळून ०.६ धरू. दोन टोकांना दोन कनेक्टर, सढळ हाताने प्रत्येकी ०.५. सगळी बेरीज पावणेदोनच्या आत येते. तुमचा मीटर सहा दाखवतोय. वरचे सव्वाचार डीबी कुठेतरी गळताहेत, आणि ही गळती २०० मीटरभर पसरलेली नाही, एखाददुसऱ्या जागी आहे. डीबीची सवय नसलेल्या वाचकांसाठी सांगतो: दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो. सहा म्हणजे पाव उरला.

गळती कसली आहे ते ओळखायची एक खूण आहे. मोजणी दोन तरंगलांबींवर करायला सांगा, १३१० आणि १५५०. धडधाकट फायबरमध्ये १५५० ची घट १३१० पेक्षा कमी असते. उलटं दिसलं, १५५० वर घट ठळक जास्त आली, तर केबल कुठेतरी नको तितकी वाकली आहे, कारण लांब तरंगलांबीचा प्रकाश वळणावर लवकर बाहेर सांडतो. दोन्हीकडे जवळपास सारखीच आली तर कनेक्टरवरची घाण किंवा बिघडलेला जोड. दहा मिनिटांचं काम आहे. नव्या खोदाईचा निर्णय त्या दहा मिनिटांच्या आधी घेऊ नका.

माझा संशय आताच सांगून ठेवतो. जुन्या इमारतीचा तो कोपरा. दुसऱ्या बिघाडानंतर केबलचा तुकडा बदलला असं तुम्ही लिहिलंत. पाइपचं वळण बदललं का? त्याचा पत्रात कुठे उल्लेख नाही.

आता "काच आहे, तुटणारच" याकडे येऊ. हे वाक्य इतकं पटण्यासारखं आहे की सुरुवातीची काही वर्षं मीही तेच म्हणत होतो. फायबरची काच १२५ मायक्रॉन जाडीची, साधारण केसाएवढी. तिच्या आतला गाभा, ज्यातून प्रकाश जातो, तो तर जेमतेम ९ मायक्रॉनचा. पण ही काच कारखान्यातून बाहेर पडण्याआधी तिची पूर्ण लांबी ताणून तपासलेली असते, जवळपास एक टक्का लांबेल इतकी. जी तुटायची ती तिथेच तुटते. ओरखडा नसलेलं फायबर सरळ ओढलं तर तेवढ्याच जाडीच्या पोलादी तारेला हार जात नाही.

तिचं वाकडं आहे ते ओरखड्याशी आणि कायमच्या ताणाशी. ओरखडा पडलेली काच वाकवून किंवा ताणून ठेवली आणि त्या जागी ओलावा पोचला, की बारीक भेग हळूहळू पुढे सरकत राहते. त्याचा आवाज होत नाही, सिग्नलवरही बरेचदा काही दिसत नाही. मग वर्षाने एखाद्या सुट्टीच्या दिवशी ती तुटते आणि सगळे विचारतात, आज कोणी काय केलं? आज कोणीच काही केलेलं नसतं. केलेलं असतं ते केबल टाकण्याच्या दिवशी.

तुमचा दुसरा बिघाड मला असाच दिसतो. पाइप भिंतीवर चढतो तिथे बहुधा नळकामातला काटकोनी एल्बो बसवलेला असेल. पाण्याला काटकोन चालतो, केबलला नाही. सर्वसाधारण नियम असा: ओढत असताना वळणाची त्रिज्या केबलच्या बाहेरच्या जाडीच्या २० पटींपेक्षा कमी नको, आणि जागेवर बसल्यावर १० पटींपेक्षा कमी नको. केबल १० मिलिमीटर जाड असेल तर ओढताना २० सेंटिमीटर, नंतर १०. इथे एक चूक वारंवार होते. लोक त्रिज्या ऐकतात आणि व्यास मोजतात. १० सेंटिमीटर त्रिज्या म्हणजे वेटोळं २० सेंटिमीटर रुंद, ए-फोर कागदाच्या रुंदीएवढं. एल्बोमधलं वळण त्याच्या जवळपासही जात नाही.

यावर कोणी तुम्हाला सांगेल, की हल्ली वाकवलं तरी चालणारं फायबर मिळतं. खरं आहे. जी.६५७ ए२ या प्रकारचं फायबर साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वाकवलं तरी प्रकाश फारसा सांडत नाही, आणि खोलीतल्या कोपऱ्याकोपऱ्यांतून न्यायला ते छानच. पण ती हमी प्रकाशाची आहे. काचेवर पडणारा ताण त्याने नाहीसा होत नाही, आणि केबलच्या आवरणाची स्वतःची मर्यादाही तशीच राहते. उलट धोका असा, की घट दिसत नाही म्हणून चुकीचं वळण कोणाच्या लक्षातच येत नाही.

पहिल्या बिघाडाबद्दल थोडं रोखठोक बोलतो, रागावू नका. माळ्याने न विचारता खणलं, असं तुम्ही लिहिता. त्याने कोणाला विचारायचं होतं? जमिनीवर खूण नव्हती, खाली धोक्याची पट्टी नव्हती, नकाशा त्याच्याकडे नव्हता आणि बहुधा तुमच्याकडेही नव्हता. तांब्याची केबल शोधकयंत्राने सापडते. धातूचा अंशही नसलेली फायबर केबल एकदा पुरली की त्या यंत्रालाही सापडत नाही. ती कुठे आहे हे फक्त कागदावर आणि माणसांच्या डोक्यात उरतं. टाकणारा माणूस नोकरी सोडून गेला की डोक्यातलंही गेलं.

आणि उंदीर. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला काहीतरी कुरतडावंच लागतं. तुमची केबल त्यांना खायची नव्हती, ती फक्त वाटेत होती. चेंबरमध्ये ते आले कुठून, हा प्रश्न विचारा. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: डक्टची, म्हणजे केबल ज्यातून जाते त्या पाइपची, तोंडं उघडी आहेत. एका इमारतीपासून दुसऱ्या इमारतीपर्यंत कोरडा, अंधारा रस्ता आपणच बांधून दिलेला असतो.

म्हणजे तीन बिघाड, तीन वेगळी कारणं. आता तुमच्यापुढचे पर्याय या तिघांसमोर एकेक करून धरू.

आर्मर्ड केबलमध्ये आवरणाखाली पन्हळी पोलादी पत्रा गुंडाळलेला असतो. उंदरांवर तो चांगला उपाय, निर्विवाद. कुदळीच्या एखाद्या ओझरत्या फटक्यातून वाचेलही. खोदाईयंत्राच्या दातापुढे ती आणि साधी केबल सारखीच. वाकण्यात मात्र ती जास्त हट्टी, त्यामुळे तुमच्या कोपऱ्यावर त्रास वाढेल. शिवाय एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही: पत्रा म्हणजे धातू. दोन इमारतींच्या मधे फायबर टाकण्यातला मोठा फायदा हा, की त्यांचा एकमेकींशी विजेचा संबंध राहत नाही. वीज कडाडली, एकीकडच्या अर्थिंगमध्ये गडबड झाली, तरी दुसरीकडची यंत्रं सुरक्षित. आर्मर्ड केबल टाकली की तो संबंध पुन्हा जोडला जातो, आणि मग इमारतीत शिरतानाच तिचं आर्मर नीट अर्थ करावं लागतं. हे काम करणाऱ्याला येतं का, हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी आर्मर तसंच मोकळं लोंबकळत सोडलेलं मी पाहिलं आहे. आणि थेट मातीत पुरलेली केबल बदलायची वेळ आली, की सगळं परत खणा.

हवेतून नेणं सगळ्यात लवकर होतं आणि बिघाड डोळ्यांना दिसतो, हे त्याचे खरे गुण. पण साधी केबल खांबांना बांधून चालत नाही. तिचं स्वतःचं वजन आणि वाऱ्याचा झोत पेलणारी केबल लागते: एक तर अंगचीच पोलादी तार जोडलेली, नाहीतर संपूर्ण धातूविरहित, जिला एडीएसएस म्हणतात. खांब विजेचे असतील तर तो विषय तुमच्या हातातला नाही. परवानगी आणि अधिकृत माणसं लागतात, आणि तिथे पोलादी तार ताणण्याचा विचारही करू नका. झाडं, ट्रकची उंची, दोन खांबांमधला झोल हे सगळं दरवर्षी बघत राहावं लागतं. मधली जागा खडकाळ असेल किंवा खणायची परवानगीच नसेल तर मी हवेतून नेईन. नाहीतर नाही.

माझा कौल डक्टला आहे. एचडीपीईचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, जाड पाइप जमिनीत, त्यात धातूविरहित केबल, जिच्यावर काचेच्या धाग्यांचं वेष्टण असतं. ते दातांना पोलादाइतकं दाद न देणारं नसलं तरी बंद तोंडाच्या डक्टमध्ये पुरतं. आणि एक डक्ट टाकत असाल तर दोन टाका. खर्च खोदण्याचा असतो, पाइपचा नसतो. दुसऱ्या डक्टमध्ये फक्त ओढायची दोरी घालून दोन्ही तोंडं बंद करून ठेवा. तीच गोष्ट फायबरच्या संख्येची. आज दोन लागतात म्हणून दोनची केबल घेऊ नये, १२ ची घ्यावी. एक खराब निघालं तर रंग बघून शेजारच्यावर जाता येतं.

चर किती खोल, याचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते बघून घ्या. मीटरभर खोल गेलात तर बागेतली कुदळ सहसा पोचत नाही. तळाला टोकदार दगड राहू देऊ नका, आधी चाळलेली माती किंवा वाळू, त्यावर डक्ट, पुन्हा मऊ माती. मग फूटभर वर धोक्याची पट्टी. ही पट्टी स्वस्त, हलकी, आणि सगळ्यात आधी विसरली जाणारी. खणणाऱ्याला केबलच्या आधी ती लागते, एवढंच तिचं काम. डक्टसोबत एक वेष्टित तांब्याची तार टाकली तर पुढे यंत्राने रस्ता शोधता येतो. ती तार इमारतीत आणू नका, बाहेरच्या चेंबरमध्येच संपवा, नाहीतर वर सांगितलेला धातूचा घोटाळा परत आलाच. विजेच्या केबलपासून अंतर ठेवा. वळणं लांब, झोकदार घ्या, आणि दोन चेंबरांच्या मधे दोनपेक्षा जास्त काटकोनाइतकी वळणं येऊ देऊ नका. तिसरं आलंच तर तिथे चेंबर करा.

केबल ओढण्याचा दिवस हा सगळ्या कामातला खरा दिवस, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ड्रमवर असतानाच केबल तपासून घ्या. ओटीडीआर, म्हणजे केबलमध्ये कुठे किती घट आहे ते दाखवणारं यंत्र, लावा, नोंद ठेवा. पुरल्यावर तुटलेली निघाली तर कारखाना म्हणतो तुम्ही तोडली, तुम्ही म्हणता तशीच आली, आणि भांडणाला शेवट नसतो. केबल ड्रम फिरवून सोडायची. आडव्या ठेवलेल्या ड्रमच्या कडेवरून उपसून काढली तर प्रत्येक वेढ्याला तिला एक पीळ बसतो. मधेच उतरवून ठेवायची असेल तर जमिनीवर आठाच्या आकारात टाकतात, म्हणजे अर्ध्या वेढ्याचा पीळ पुढच्या अर्ध्यात सुटतो. इथे इंग्रजी आठ म्हणायचंय. एका नव्या मुलाला मी नुसतं "आठ काढ" म्हणालो, तर त्याने प्रामाणिकपणे मराठी ८ काढायला घेतला होता.

ओढताना दोरी बांधायची ती केबलच्या आतल्या पिवळ्या अरॅमिड धाग्यांना आणि मधल्या काडीला, बाहेरच्या आवरणाला नाही. आवरण ओढलं तर ते मोज्यासारखं पुढे सरकतं आणि आतली काच मागे राहते. कनेक्टर आधीच बसवलेला असेल तर त्याला धरून तर मुळीच नाही. दोरी आणि केबल यांच्यामध्ये फिरणारी कडी लावा, म्हणजे दोरीचा पीळ केबलमध्ये उतरत नाही. डक्टमध्ये केबलसाठीचंच वंगण घाला. ग्रीस किंवा तेल आवरणाला बाधतं. २०० मीटरला यंत्राची गरज नाही, माणसं पुरतात. एक ओढणारा, एक ड्रमवर, एक मधल्या चेंबरवर, आणि तिघांमध्ये फोन चालू. "थांब" म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. अडलं म्हणून हिसका द्यायचा नाही. किती जोर चालतो हे केबलच्या माहितीपत्रकात न्यूटनमध्ये लिहिलेलं असतं, ते एकदा वाचाच. गाडीच्या हुकाला दोरी बांधून ओढायची कल्पना कोणीतरी नक्की मांडेल. त्या माणसाला लांबच्या चेंबरवर उभं करा.

दर चेंबरमध्ये काही मीटरचा लूप सोडा, भिंतीला लावून, रुंद वेटोळ्यात. हा लूप असता तर तुमच्या पहिल्या बिघाडात तुकडा घालायची गरज पडली नसती; दोन जोडांऐवजी एकावर भागलं असतं. जॉइंट बॉक्स चेंबरच्या तळाला टाकायचा नाही, वर टांगायचा, आणि लूप इतका लांब हवा की बॉक्स बाहेर काढून टेबलावर ठेवता आला पाहिजे. खड्ड्यात वाकून, धुळीत केलेला जोड कसा निघतो ते मी वेगळं सांगायला नको.

इमारतीत शिरण्याच्या जागेची माझी एक आठवण आहे. एका ठिकाणी डक्ट, केबल, जोड सगळं उत्तम झालं होतं आणि मी खूश होतो. पहिल्या मोठ्या पावसात तिथून फोन आला, रॅकच्या मागून पाणी येतंय. बाहेरचं चेंबर भरलं होतं आणि आमच्या उत्तम डक्टने ते पाणी इमानेइतबारे सर्व्हर खोलीत आणून सोडलं होतं. तोंडाला बूच बसवायचं राहिलं होतं, आणि राहिलं होतं ते माझ्याकडून. तेव्हापासून मी केबल आत घेण्याआधी बाहेर खाली एक झोळ ठेवतो, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकतं. भिंतीतलं छिद्र बाहेरच्या बाजूला उतरतं पाडून घेतो, आणि डक्टची दोन्ही तोंडं बुचाने बंद. मोकळा राहिलेला दुसरा डक्टसुद्धा. याने उंदीरही थांबतात.

बाहेरची काळी केबल इमारतीत लांबवर नेऊ नका. तिचं पॉलिथिलीनचं आवरण उन्हापावसाला टिकतं, पण आग पसरवतं. आत शिरल्यावर लवकरच बॉक्समध्ये संपवून पुढे इमारतीतली, कमी धूर करणारी केबल घ्या. उलटही तितकंच खरं: आतली केबल "थोडंसंच अंतर आहे" म्हणून उन्हात ठेवायची नाही.

टोकाचं काम तुमच्या विभागाच्या हातातलं आहे, म्हणून हे थेट तुम्हाला. प्लास्टिकचे केबल टाय करकचून आवळू नका. मी स्वतः एका रॅकमध्ये दर वीतभर टाय लावून इतकं देखणं काम केलं होतं की फोटो काढून ठेवला. १५५० वर घट वाढलेली निघाली. टाय कापत गेलो तसा आकडा खाली येत गेला. तेव्हापासून वेल्क्रो, आणि तेही बोट सरकेल इतकं सैल. पॅच कॉर्ड, म्हणजे यंत्राला जोडणारी छोटी केबल, रॅकच्या दारात चिरडतेय का तेही बघा, दार लावून बघा.

कनेक्टरवरची घाण हा सगळ्यात कमी लेखलेला बिघाड. गाभा ९ मायक्रॉनचा, तेवढा धुळीचा कण डोळ्यांना दिसतही नाही आणि रस्ता अडवतो. प्रत्येक वेळी जोडण्याआधी पुसायचं, फायबरसाठीच्या क्लीनरने किंवा धागे न सुटणाऱ्या कागदाने. शर्टाच्या टोकाने नाही, तोंडाने फुंकून तर अजिबात नाही, फुंकरीतला ओलावा काचेवर बसतो. हिरवा आणि निळा कनेक्टर एकमेकांत घालू नका. हिरव्याचं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. ते बसल्यासारखे वाटतात, पण तोंडं टेकत नाहीत, आणि जबरदस्ती केली तर दोन्ही खराब होतात. तुमच्या सव्वाचार डीबींमध्ये यातलं काही असू शकतं, तेव्हा तेही बघून घ्या.

सुरक्षेचं एवढंच: फायबरमधला कामाचा प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, म्हणून "लाइट येतोय का बघतो" असं म्हणत टोक डोळ्यासमोर धरायचं नाही. आणि स्प्लायसिंगमध्ये कापलेले काचेचे तुकडे झाकणाच्या बाटलीत जायला हवेत. जमिनीवर पडलेला तुकडा झाडूला सापडत नाही, तो तळपायालाच सापडतो.

ठेकेदाराशी बोलताना "चांगलं काम करा" म्हणून उपयोग नसतो, कारण प्रत्येकाचं काम त्याच्या मते चांगलंच असतं. त्यापेक्षा कागदावर घाला: प्रत्येक फायबरची ओटीडीआर मोजणी, दोन्ही तरंगलांबींवर, दोन्ही टोकांकडून, पुढे लाँच केबल, म्हणजे यंत्र आणि तुमची केबल यांच्यामधला फायबरचा लांब तुकडा, लावून. ती लावली नाही तर तुमचा पहिला कनेक्टर मोजणीत दिसतच नाही. आणि चर बुजवण्याआधी दर काही मीटरवर फोटो, त्यात मोजपट्टी आणि एखादी न हलणारी गोष्ट, भिंतीचा कोपरा किंवा खांब, दिसली पाहिजे. हे हातात आल्यावरच शेवटचा हप्ता. या फोटोंवरून तुम्ही स्वतः एक नकाशा काढा. सुबक नसला तरी चालेल, "पाण्याच्या टाकीच्या भिंतीपासून अमुक मीटर" एवढं कळलं की झालं. एक प्रत रॅकच्या दारावर, एक फाटकावरच्या रखवालदाराकडे आणि एक माळ्याकडे. त्याला रस्ता चालून दाखवा. माझा अनुभव असा, की एकदा दाखवल्यावर तोच माणूस दुसऱ्या कोणी खणायला आलं तर आडवा येतो.

वरिष्ठांना काय सांगायचं? तीन वेळा दुरुस्ती झाली, पण तिन्ही वेळा केबल दुरुस्त झाली, कारण नाही, हे हिशेबासकट मांडा. सहाच्या जागी पावणेदोन हवेत, हा आकडा एखाद्या बिनतांत्रिक माणसालाही कळतो. बोलणी तुम्हाला बसतात ती बिघाड अचानक येतो म्हणून. दर तीन महिन्यांनी पॉवर मीटर लावून आकडा एका वहीत लिहीत गेलात, तर घट वाढताना तुम्हाला आधी दिसेल, आणि पुढच्या वेळी लिंक पडल्याची बातमी देण्याऐवजी ती पडणार असल्याची सूचना तुम्ही देऊ शकाल.

तर या आठवड्यात: दोन्ही टोकांची यंत्रं काढून ठेवा, कनेक्टर पुसा, परत मोजा. मग स्प्लायसिंगवाल्याचा लाल लाइटचा पेन एका टोकाला लावा. बॉक्समधल्या पिगटेलमध्ये, म्हणजे एका टोकाला कनेक्टर असलेल्या फायबरच्या तुकड्यात, कुठे वाकडं असेल तर पिवळ्या आवरणातून तांबडा उजेड फुटलेला दिसेल. काळ्या केबलमधून तो दिसणार नाही, तिथे ओटीडीआरच हवा. १५५० चा आकडा मोठा निघाला तर चर, डक्ट, आर्मर्ड हे सगळं बाजूला ठेवून आधी तो एल्बो कापा, जागी मोठ्या त्रिज्येचं वळण बसवा आणि त्यातून गेलेला केबलचा भाग बदला, कारण त्याने तेवढा काळ ताण सोसलेला आहे. चेंबरमधली डक्टची तोंडं बंद करा. त्यानंतर कदाचित ही केबल आणखी काही वर्षं काढेल, आणि नव्या डक्टचं काम तुम्हाला घाईशिवाय, संस्थेच्या पुढच्या खोदकामासोबत करून घेता येईल. जुनी केबल तेव्हाही उपटू नका, रस्ता वेगळा असेल तर ती राखीव लिंक म्हणून राहू दे.

त्या कोपऱ्याचा फोटो मला पाठवा. शेजारी मोजपट्टी धरून.